घरचा चार्जर आणि तिसरी तार

पूर्वी घरात मोटार येई तेव्हा पेट्रोल कोठे भरायचे हा प्रश्न कुणाला पडत नसे. मोटार अंगणात आणि पंप रस्त्यावर, अशी सरळ वाटणी होती. विजेच्या मोटारीने ती वाटणी मोडली. आता पंपच अंगणात आणावा का, आणि आणावयाचा झाला तर केवढा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या धर्मगुरुनिवासाच्या दारातही येऊन उभा राहिला. तो सोडविताना जे वाचले, विचारले आणि मोजले, ते लिहून काढावे असा आग्रह आमच्या धर्मग्रामातील चारदोन कुटुंबांनी धरला. कारण त्यांच्याही घरी नेमकी हीच चर्चा चालू होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या जुन्या डिझेल जीपच्या नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली होती. धर्मग्राम परिषदेत नव्या वाहनाचा विषय निघाला तेव्हा तरुण मंडळी तयारीनिशी आली होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक त्यांनी पुढे केले. डिसेंबर २०२४ मध्ये मर्सिडीज-बेंझने पोपमहोदयांना पूर्णपणे विजेवर चालणारी मोटार दिली, हे वृत्तही त्यांनी सभेपुढे ठेवले. “पोपसाहेब विजेच्या मोटारीतून फिरू शकतात, तर आमचे फादर का नाही?” ह्या प्रश्नावर सभेत हशा पिकला आणि ठराव जवळजवळ तेथेच संमत झाला. चोवीस युनिट साठविणारी बॅटरी असलेली एक लहान मोटार नोंदविण्यात आली. ती हाती येण्यास तीन महिन्यांचा अवकाश होता.

खरा वाद त्यानंतर सुरू झाला. मोटारीबरोबर एक हलका चार्जर मिळणारच होता. तो पंधरा अँपिअरच्या साध्या जाड सॉकेटला लावता येतो. पण विक्रेत्याने आणखी एक कागद हाती दिला. भिंतीवर कायमचा बसविण्याचा सात किलोवॅटहून थोडा अधिक शक्तीचा चार्जर वेगळे पैसे भरून घ्यावा, अशी त्याची शिफारस होती. उपकरण, जाड तार, खोदकाम आणि वाढीव भाराची मंजुरी मिळून साठ-सत्तर हजारांचा अंदाज निघाला.

धर्मगुरूची मोटार दिवसा ही एक सोय असते. रात्री दोन वाजता फोन वाजतो आणि पलीकडून एखादा मुलगा दाटल्या गळ्याने म्हणतो, “फादर, आईचे काही खरे नाही, तैलाभ्यंगासाठी येता का?” त्या वेळी तिला सोय म्हणता येत नाही. वित्त समितीतील एका सदस्याने हेच स्पष्ट शब्दांत मांडले: “मरणशय्येवरचे माणूस बॅटरी भरेपर्यंत थांबत नाही. पैशाकडे पाहू नका, मोठा चार्जर घ्या.” त्यावर आमच्या खजिनदारबाईंनी जमाखर्चाची वही शांतपणे पुढे सरकविली. त्या म्हणाल्या, “फादर, हे पैसे कोठून येतात ते आपणांस ठाऊक आहे. पहाटेच्या लोकलने भाजीची टोपली घेऊन दादरला जाणाऱ्या बायांची नाणी त्यात आहेत. गरज असेल तर साठ हजार काय, लाखही खर्चू. पण गरज आहे का, हे आधी कुणीतरी दाखवून द्यावे.”

दोघांचेही म्हणणे खरे होते. अशा वेळी मत देण्यापेक्षा मोजणे बरे, असे मला वाटले.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते समजून घेतले. विजेच्या बॅटरीत केवळ एकाच दिशेने वाहणारी वीज साठविता येते. आपल्या घरांत येणारी वीज मात्र सेकंदाला पन्नास आवर्तने करणारी असते. तिचे रूपांतर करणारे यंत्र मोटारीच्या पोटातच बसविलेले असते. म्हणजे भिंतीवर ज्याला आपण चार्जर म्हणतो तो एक सुरक्षित, हुशार नळ आहे. मोटारीच्या पोटातील यंत्र तीन किलोवॅटचे असेल तर भिंतीवर सातचा नळ बसवूनही धार तीनचीच राहते. एकाच मोटारीच्या निरनिराळ्या प्रकारांत हे यंत्र निरनिराळ्या क्षमतेचे असू शकते. ज्यांना चार्जर घ्यावयाचा आहे त्यांनी विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा. आमच्या मोटारीचे यंत्र सात किलोवॅट घेणारे होते, म्हणून आमचा प्रश्न खरा होता.

मग वेळेचा हिशेब. सातच्या चार्जरवर आमची चोवीस युनिटांची बॅटरी तळापासून भरावयास साडेतीन ते चार तास लागतात. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर आठ-नऊ तास. हा फरक ऐकावयास मोठा वाटतो. पण बॅटरी रोज तळाला जाते का? पाण्याची टाकी रोज रिकामी होत नसेल तर नळाची तोटी किती रुंद आहे, ह्याला फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून मोटार येईपर्यंतच्या तीन महिन्यांत जीपमध्ये एक वही ठेवली. दर फेरीला किलोमीटर आणि वेळ लिहावयाची, एवढेच. नव्वद दिवसांत एकूण दोन हजार सत्तर किलोमीटर झाले. म्हणजे दिवसाला सरासरी तेवीस. मिस्सा, शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, वाडीवाडीतील लहान समूहांच्या सभा, स्मशानभूमी आणि बाजार, एवढ्यांत धर्मगुरूचे बहुतेक आयुष्य जाते आणि ते सारे ह्या तेवीस किलोमीटरांत मावते, हे पाहून माझे मलाच नवल वाटले. रात्री दहा ते पहाटे पाच ह्या वेळेत तेरा वेळा बोलावणे आले. त्यांतील सर्वांत लांबची फेरी जाऊन-येऊन अठरा किलोमीटरांची होती. शंभर किलोमीटरांच्या वर गेलेले दिवस नव्वदांत दोन. त्यांतील मोठा एकशे बारा किलोमीटरांचा. त्या दिवशी गोरेगावला सेमिनरीत जाऊन परत आल्यावर संध्याकाळी आणखी दोन ठिकाणी जावे लागले होते.

आमच्या लहान मोटारीला घरच्या मीटरवरील एका युनिटमागे सहा किलोमीटर धरले, तर तेवीस किलोमीटरांना चार युनिटही लागत नाहीत. साध्या सॉकेटवर ते सव्वा तासात भरतात. एकशे बारा किलोमीटरांच्या दिवसानंतरही बॅटरीत तीस-चाळीस किलोमीटर उरले असते, आणि मध्यरात्रीच्या अठरा किलोमीटरांना तेवढे पुरे होते. मरणशय्येवरच्या माणसाची चिंता खरी होती, पण तिचे उत्तर मोठा चार्जर हे नव्हते. रात्री झोपण्यापूर्वी मोटार नेमाने तारेला लावणे, हे होते. वेगवान नळ विकत घेऊन विसराळू माणसाची मोटार रिकामी राहू शकते, आणि साध्या सॉकेटवरही नेमस्त माणसाची मोटार सदैव तयार असते.

परिषदेतील एक वृद्ध शेतकरी हे आकडे ऐकून म्हणाले, “फादर, आमच्याकडे बैल होते तेव्हा त्यांना रात्रभर वैरण घालून ठेवत असू. बैल सावकाश खाई, सावकाश रवंथ करी. पहाटे गाडी जुंपायची आहे, तर घाई कशाला?” त्यांचे म्हणणे मार्मिक होते. परंतु त्यातून कुणी असा समज करून घेऊ नये की मोठा चार्जर बॅटरीला अपाय करतो. वारंवार होणारा अतिजलद भरणा आणि उष्णता बॅटरीला मानवत नाही हे खरे. पण तो महामार्गावरच्या प्रचंड शक्तीच्या स्थानकांचा विषय आहे. घरचा सात किलोवॅटचा चार्जर त्या मानाने सौम्यच म्हणावा लागेल. आमच्यापुढे प्रश्न अपायाचा नव्हता, गरजेचा होता.

आणखी एक बाजू विचारात घ्यावी लागली, ती शेजाऱ्यांची. सात किलोवॅट म्हणजे सुमारे एकतीस अँपिअर. पाणी तापविण्याचे साडेतीन गीझर एकाच वेळी, आणि तेही सलग चार तास चालू ठेवल्यासारखे हे होते. त्यासाठी आमच्या मीटरचा मंजूर भार वाढवून बहुधा थ्री फेजची जोडणी घ्यावी लागली असती. आमच्या आळीचे रोहित्र जुने आहे. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास घराघरांत दिवे, पंखे, दूरदर्शनसंच आणि वाड्यांतील पाण्याचे पंप एकाच वेळी सुरू होतात. त्या वेळी दिवे किंचित मंदावलेले मी अनेकदा पाहिले आहेत. आज एक मोटार आहे, उद्या दहा होतील. एका रोहित्रावर दहा घरांनी एकाच वेळी सात-सात किलोवॅट ओढले, तर काय होईल हे सांगावयास अभियंत्याची गरज नाही. भार वाढवून घेणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्याप्रमाणे जाळे सुधारणे हे वीज कंपनीचे काम आहे. तरीही, रात्री अकरानंतर किंवा भर दुपारी मोटार भरावी आणि संध्याकाळचे ते दोन-तीन तास सोडून द्यावेत, एवढे शेजारधर्म म्हणून आपण पाळू शकतो.

ह्या साऱ्या हिशेबात मला वाटले होते की आमचा निर्णय झाला. साधे सॉकेट पुरे. पण रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले आमचे एक धर्मग्रामस्थ म्हणाले, “फादर, सॉकेट पुरे, पण कोणते सॉकेट? आधी ते पाहू.” दुसऱ्या दिवशी ते एका वायरमनला घेऊन आले, आणि लेखाच्या शीर्षकातली तिसरी तार तेव्हा आमच्यापुढे आली.

सॉकेटला तीन छिद्रे असतात. खालच्या दोहोंतून वीज येते आणि जाते. वरच्या मोठ्या छिद्रातील तार जमिनीला जोडलेली असते. तिला आपण अर्थिंग म्हणतो. तीनशे पासष्ट दिवस ती काहीच करीत नाही. उपकरणात बिघाड होऊन त्याच्या पत्र्यात वीज उतरते, त्या दिवशी ती वीज माणसाच्या अंगातून जाऊ न देता जमिनीत नेऊन सोडणे, हे तिचे एकमेव काम. तिच्या अभावी पंखा फिरतो, दिवा लागतो, गीझर तापतो. म्हणून ती तुटलेली आहे हे वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानात येत नाही. मोटारीचा चार्जर मात्र तिच्याशी तडजोड करीत नाही. अर्थिंग नीट नसेल तर तो सहसा चालूच होत नाही.

वायरमनने मीटर लावून तपासले. धर्मगुरुनिवासाच्या भिंतीतून निघालेली अर्थिंगची तार अंगणात मातीखाली केव्हाच कुजून तुटली होती. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचा आणि ओलीचा आपल्याकडे धातूला नेहमीच उपद्रव होतो. तेथपर्यंत ठीक होते. पण हातात मीटर आहेच तर बाकीच्या इमारतीही पाहून घेऊ, असे ठरले. बालवाडीच्या दोन खोल्यांत सॉकेटांच्या वरच्या छिद्रामागे तारच नव्हती. त्यांतील एक सॉकेट मुलांच्या हाताच्या उंचीवर होते आणि त्यावर पिण्याच्या पाण्याचे शीतक यंत्र चालत होते. चर्चमधील ध्वनिक्षेपणाच्या यंत्रणेचीही तीच अवस्था. आमच्या गायकवृंदाची प्रमुख कित्येक महिने तक्रार करीत होती की पावसाळ्यात माईकला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. ती हसत सांगे आणि सारे हसत ऐकत. वायरमन हसला नाही. तो एवढेच म्हणाला, “नशीब बाईंचं.”

त्या दिवशी वित्त समितीची तातडीची सभा झाली आणि चार्जरचा विषय आपोआप दुसऱ्या क्रमांकावर गेला. तिन्ही इमारतींसाठी नवे अर्थिंगचे खड्डे घेतले. प्रत्येक मुख्य फलकावर आरसीसीबी नावाचे यंत्र बसविले. ते आत जाणारी आणि परत येणारी वीज सतत ताडून पाहते. दोहोंत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कोठेतरी भलत्या वाटेने, कदाचित माणसाच्या अंगातून, जात आहे असे समजून ते क्षणार्धात पुरवठा तोडते. बालवाडीचे सॉकेट वर नेले. मोटारीसाठी मीटरपासून एक स्वतंत्र लाइन ओढली. तिला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, वेगळे एमसीबी, मोटारीसाठी चालणाऱ्या प्रकारचे आरसीसीबी आणि भक्कम औद्योगिक सॉकेट आहे. ह्या साऱ्याला, बालवाडी आणि चर्च धरून, चार्जरसाठी धरलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडे कमीच पैसे लागले.

स्वतंत्र लाइन कशासाठी, असे काहींनी विचारले. गीझर वीस मिनिटे चालतो, इस्त्री अर्धा तास. मोटार मात्र तेरा-चौदा अँपिअर वीज सलग सहा-आठ तास ओढते. जुन्या सॉकेटच्या सैल पिना आणि बारीक तारा वीस मिनिटे निभावून नेतात. आठ तासांत त्या तापतात, प्लास्टिक वितळते आणि पुढचा अनर्थ घडू शकतो. खिडकीतून एक्स्टेन्शनची तार खाली सोडून मोटार भरणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांनी लाखांची मोटार घेतली आणि काही हजारांच्या तारेवर काटकसर केली. मोठा चार्जर घेतला नाही तरी चालेल, पण ही काटकसर करू नये, असे मी कळकळीने सांगेन.

सॉकेट कोठे बसवावे ह्याचाही विचार केला. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली होती, नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले होते आणि मिठागरातील कुटुंबे अडकून पडली होती, हे आपण विसरलेलो नाही. त्या वेळी आमच्या आवारात पाणी कोठवर आले होते त्याची खूण एका जुन्या सेवकाने दाखविली. त्या खुणेपासून हातभर वर, पडवीच्या छपराखाली सॉकेट बसविले.

सहा-सात महिन्यांचा अनुभव आता गाठीशी आहे. मोटार मी बहुतेक दुपारी एक ते चारच्या दरम्यान भरतो. तेव्हा मी वामकुक्षी घेतो आणि मोटारही विसावलेली असते. दुपारची वेळ निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. विजेची मोटार धूर सोडत नाही, म्हणून ती निर्मळ, असे आपण चटकन म्हणतो. पण भारतातील निम्म्याहून कितीतरी अधिक वीज आजही कोळशापासून होते. आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला पाचशे मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे. आणि डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर केलेला आहे. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना आपली घरे सोडावी लागली. आपल्या अंगणात येणाऱ्या युनिटामागे कुणाचा तरी समुद्रकिनारा, कुणाची तरी चिकूची वाडी आणि कुणाचे तरी घर असते. दुपारी ग्रिडमध्ये सूर्याची वीज अधिक असते, म्हणून त्या वेळी मोटार भरणे थोडे अधिक प्रामाणिकपणाचे, असे मला वाटते. धूर आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला, तर त्याला पर्यावरणाचे प्रेम म्हणता येणार नाही.

ह्याच कारणासाठी, ज्यांच्याकडे चार पैसे शिल्लक असतील त्यांना मी मोठ्या चार्जरपेक्षा छपरावरील सौर पट्ट्यांचा विचार करण्यास सुचवितो. एक किलोवॅटच्या पट्ट्या आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतात. म्हणजे माझ्या तेवीस किलोमीटरांची बेगमी तेवढ्यात होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती ग्राहकांना तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले.

बिलाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये चार्जिंग स्थानकांसाठी वेगळा दरवर्ग केला. घरच्या मीटरवर मोटार भरली तर मात्र घरचाच दर लागतो. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो: शंभर युनिटांपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. माझ्यासारखी धाव असेल तर महिन्याला सुमारे एकशे पंधरा युनिट वाढतात. ज्यांचे बिल आजच अडीचशे युनिटांचे आहे, त्यांची निम्म्याहून अधिक वाढीव युनिटे वरच्या टप्प्यात जातील. तरीही पेट्रोलच्या मानाने खर्च बराच कमी येतो. पण हा हिशेब मोटार घेण्यापूर्वी कुटुंबाने बसून एकदा करावा.

आमच्या धर्मग्रामातील निम्मी कुटुंबे आता इमारतींत राहतात. त्यांना अंगण नाही, पडवी नाही. मुंबईच्या एका इस्पितळात रात्रपाळी करणारी एक परिचारिका माझ्याकडे आली होती. तिच्याजवळ विजेची दुचाकी आहे. सोसायटीच्या मीटरखोलीपासून तिच्या वाहनाच्या जागेपर्यंत तार ओढण्याचा विषय सभेपुढे पडून होता, आणि तोवर सकाळी दमून आल्यावर दुचाकीची जड बॅटरी काढून ती चार जिने चढून वर नेत असे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे की वाहन भरून देणे ही सेवा आहे, त्यासाठी विद्युत कायद्याचा परवाना लागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने नव्या इमारतींसाठीच्या आदर्श नियमावलीत वीस टक्के वाहनतळ चार्जिंगच्या दृष्टीने तयार असावा, अशी तरतूद सुचविली. परंतु जुन्या इमारतींतील प्रश्न शेवटी शेजाऱ्यांनी एकत्र बसूनच सोडवावयाचा असतो. अशा ठिकाणी प्रत्येकाने आपापला मोठा चार्जर बसविण्याचा आग्रह धरण्याऐवजी उपमीटर लावलेली चारदोन चांगली सॉकेटे सामाईक ठेवावीत, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आमच्या पडवीतील सॉकेटशेजारी आम्ही दुसरे एक बसविले आहे. ती परिचारिका सकाळी कामावरून येताना दुचाकी तेथे लावते, उपमीटरवरील आकडा वहीत लिहिते आणि महिनाअखेर तेवढ्याच युनिटांचे पैसे बिलाच्या दराने भरते.

मग मोठा चार्जर कुणीच घेऊ नये का? तसे मी म्हणणार नाही. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर धावणारा टॅक्सीचालक, दोन पाळ्यांत घरोघर जाणारा डॉक्टर, एकाच घरात दोन विजेच्या मोटारी असलेले कुटुंब किंवा चाळीस युनिटांहून मोठी बॅटरी रोज बरीचशी रिकामी करणारा प्रवासी, ह्यांना तो खरोखरच लागतो, आणि त्यांनी तो नि:संकोच घ्यावा. आमच्याही धर्मग्रामात अशा एका टॅक्सीचालकाला मी तो घेण्याचाच सल्ला दिला. बाकीच्यांनी एक वही घ्यावी, महिनाभर किलोमीटर लिहावेत, दुपारी व रात्री मोटार किती तास उभी असते ते पाहावे आणि मग ठरवावे. बहुतेकांची मोटार चोवीस तासांतील वीस-बावीस तास उभीच असते, असे त्यांना आढळेल. विक्रेता आपल्याला वेग विकतो. आपल्याजवळ मात्र पुष्कळदा वेळ असतो, तो आपण मोजलेला नसतो इतकेच.

परिषदेच्या इतिवृत्तात आमचा निर्णय दोन ओळींत नोंदविला आहे: मोठा चार्जर तूर्त घेऊ नये, अर्थिंगचे काम पूर्ण करावे आणि दर उन्हाळ्यात, पावसाळ्यापूर्वी, तपासून घ्यावे. रात्री तातडीने बोलावणे आलेल्या एकाही घरी गेल्या सहा-सात महिन्यांत मोटारीमुळे पोहोचण्यास उशीर झालेला नाही. पहिल्या पावसानंतरच्या रविवारी मिस्साबलिदान संपल्यावर गायकवृंदाची प्रमुख माझ्याकडे आली आणि आपला उजवा हात पुढे करून म्हणाली, “फादर, आज तासभर माईक हातात होता. काही झालं नाही.” भिंतीवर चमकणारा नवा चार्जर आमच्याकडे नाही. पण आमच्या लेकरांची बालवाडी आणि आमच्या गायकांचा माईक आता जमिनीशी नीट जोडलेले आहेत, आणि ह्या व्यवहारात आमच्या पदरी पडलेली सर्वांत मोठी जमा मी हीच समजतो.